बाळारामतात्यांचा भाडोत्री

आमचे घरमालक बाळारामतात्या भोईर कुठल्याही खोलीत पहिल्यांदा शिरले की टाळी वाजवतात. एकच. मग मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत उभे राहतात. आम्ही तळवलीत जागा बघायला आलो तेव्हा त्यांनी हॉलमध्ये टाळी वाजवली, किचनमध्ये वाजवली, बाथरूममध्ये वाजवली आणि माझ्या बायकोला गंभीरपणे सांगितलं, की बाथरूममध्ये गाऊ नका, तिथं आवाज खोटा मोठा लागतो. गायचं तर हॉलमध्ये गा. आमचा कुठेच गायचा विचार नव्हता. बायकोने पाण्याचं विचारलं. पाणी चोवीस तास आहे, असं म्हणून तात्या पुन्हा हॉलच्या आवाजाकडे वळले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, माणूस सरकलेला दिसतो, दुसरं घर बघू. बायको म्हणाली, जो माणूस बाथरूमच्या आवाजाबद्दल खोटं बोलत नाही, तो पाण्याबद्दल कशाला बोलेल? चार वर्षं झाली, आम्ही तिथेच आहोत. पाणी चोवीस तास असतं.

तात्या मूळचे इथलेच. शेतं कधीच गेली, त्याबदली आलेल्या प्लॉटवर तीन मजले चढले आणि त्यात आमच्यासारखी सहा बिऱ्हाडं राहतात. स्वतः तात्यांनी तीस वर्षं तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत काढली. पाइपांवरची मीटरं बरोबर दाखवतायत की नाही हे बघायचं त्यांचं काम. मीटर चुकीचं दाखवत असेल तर तात्यांना लांबून कळायचं म्हणे, मीटर न बघता, नुसता पाइपचा आवाज ऐकून. ते असं सांगतात. खरंखोटं तळोज्याला माहीत. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा घणसोलीत टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहतो. तात्या पहिल्या मजल्यावर एकटे. एकटे म्हणजे ते, चार स्पीकर, दोन माइक, वायरींचं एक भलंमोठं भेंडोळं आणि लिनक्स.

हे लिनक्स त्यांच्या घरात कसं आलं, तर नातीचा जुना कॉम्प्युटर भंगारात चालला होता, तो त्यांनी अडवला. कंपनीतल्या एका मित्राने त्यात विंडोजऐवजी फुकटातली ही लिनक्सची सिस्टिम घालून दिली. रेकॉर्डिंग करता येणारी. त्या दिवसापासून तात्या लिनक्सचे झाले. का, विचारलं तर म्हणतात, "काय बिगाडलाय त्या तोंडावर सांगतो. गोड बोलत नाय."

इथे मला थोडं माझं सांगावं लागेल, कारण या सगळ्यात मी ओढला गेलो. मी साताऱ्याकडचा, कोरेगावचा. ऐरोलीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. गावाकडे माझ्या वडिलांनी मी कॉम्प्युटर इंजिनियर असल्याचं पसरवलंय. प्रत्यक्षात मी लोक विसरलेले पासवर्ड बदलून देतो, आणि फारच अवघड केस असेल तर मशीन बंद करून चालू करायला सांगतो. हे तात्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं. तरीही दर रविवारी सकाळी वरून हाक यायची, "सायेब, जरा येताव का?" मी जायचो, स्क्रीनकडे बघायचो आणि बंद करून चालू करून बघूया का, असं विचारायचो. तात्या माझ्याकडे डॉक्टरांनी नापास झालेल्या कंपाउंडरकडे बघावं तसं बघायचे. मग मला चहा द्यायचे आणि स्वतःच दुरुस्त करायचे. मला वाटतं, त्यांना दुरुस्त करताना कुणीतरी बसलेलं हवं असायचं.

तात्यांची सगळी धडपड एका प्लगइनसाठी चालली होती. प्लगइन म्हणजे आवाजावर काम करणारा छोटासा प्रोग्राम. कुणी खरखर काढतो, कुणी घुमवतो. तात्यांना हवा होता तो पंख्याची, जनरेटरची घरघर बाजूला काढून माणसाचा बारीक आवाज तेवढा वर उचलायचा. त्यांनी तो रीतसर विकत घेतला होता. अडचण एवढीच, की तो विंडोजवर चालणारा होता, आणि तात्यांकडे लिनक्स. मी म्हटलं, तात्या, सरळ विंडोज टाका ना. तात्या महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

तर विंडोजचा प्लगइन लिनक्सवर चालवायला 'वाइन' नावाचा एक प्रोग्राम मधे घालावा लागतो. त्या नावावरचे सगळे विनोद आमच्या बिल्डिंगमध्ये करून झालेत, मी पुन्हा करत नाही. त्याचं काम काय, हे मला कंपनीत दोन तासांच्या ट्रेनिंगमध्ये कळलं नव्हतं. तात्यांनी ते एका चहात सांगितलं, आणि घरमालक सांगेल तसंच सांगितलं.

"बगा सायेब. लिनक्स म्हंजे माजी बिल्डिंग. यो प्लगइन म्हंजे परगावचा भाडोत्री. त्याला आपली रीत ठावकी नाय. मंग त्याच्यासाटी एक खोली बांदायची. आतमंदी सगला त्याच्या गावासारका. त्याचा सी ड्राइव, त्याचं फोल्डर, जिथल्या तिथं. त्यो हात घालंल तिथं त्याची वस्तू असली पायजे. त्याला वाटला पायजे, आपल्याच घरात हाय. मंग त्यो गुमान काम करतो. परका वाटला का रुसला."

प्लगइन रुसायचाच. कधी नुसती काळी खिडकी यायची, कधी उघडून लगेच बंद व्हायचा, कधी आवाजात फुटाणे फुटायचे. तात्या एका शाळेच्या वहीत सगळं लिहून ठेवायचे. 'आज हे बदलले. रुसला.' 'ते परत केले. थोडा बोलला, मग रुसला.' अशा दोन वह्या भरल्या. मूळ आवाज आणि स्पीकरमधला आवाज यांत डोळ्याची पापणी लवण्याएवढाही उशीर त्यांना चालत नव्हता. गाणाऱ्याला आपलाच आवाज मागून आला तर त्याचा पाय अडखळतो, म्हणायचे.

पण भाडोत्री नाराज नको म्हणणाऱ्या या माणसाने मला एकदा चांगलंच नाराज केलं. तळमजल्यावर एक खोली कुलूप लावून पडली होती. गल्लीकडून स्वतंत्र दार, पुढे छोटा ओटा. माझ्या चुलतभावाला महापेत नोकरी लागली, म्हणून मी त्याच्यासाठी मागितली. तात्या म्हणाले, ती लागलीय. कुणाला? "हाय एक मानूस. अजून आयला नाय." बरं, हा माणूस दीड वर्ष आला नाही. मधेच एक गवंडी येऊन आत ठोकाठोक करून गेला. मी डोकावलो तर किचनचा ओटा जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच बांधलेला. मी म्हटलं, गवंड्याने माती खाल्ली वाटतं. तात्या म्हणाले, हो, चुकलाच जरा, आणि कुलूप लावलं. माझ्या भावाला लांब खांदेश्वरला जागा घ्यावी लागली. तो रोज तिकडून येतो आणि रोज मला फोन करून सांगतो, की मी तिकडून येतो. माझ्या मनात त्या खोलीबद्दल अढी बसली ती बसलीच.

आता प्लगइन कुणासाठी, ते सांगतो. तात्यांची मोठी बहीण जनीबाय. नावड्याला दिलेली. ती धवलारीण. आगरी लग्नात धवले म्हणणारी बाई. धवले म्हणजे लग्नाची जुनी गाणी. एकेका देवाला, एकेका गेलेल्या माणसाला नाव घेऊन लग्नाचं बोलावणं धाडायचं. तात्या सांगतात, एके काळी या पट्ट्यात जनीबायची तारीख मिळाल्याशिवाय लग्न धरत नसत. पुढे मांडवात डीजे आला. जनीबायचा आवाजही वयाबरोबर बारीक झाला. तीन वर्षांपूर्वी एका हळदीला ती गात असताना कुणीतरी मधेच डीजे चालू केला. मुद्दाम नाही. ती गातेय हे त्याला ऐकूच आलं नव्हतं. जनीबाय उठली, चपला घातल्या आणि घरी गेली. त्यानंतर ती कुठेच गायली नाही.

आणि आता तात्यांच्या नातीचं लग्न ठरलं होतं. अंकिता, एकुलती एक नात. तात्यांनी घरात जाहीर करून टाकलं, की हळदीला बाय गाणार. बायला विचारलं नव्हतं. मग ते विचारायला नावड्याला गेले, आणि मला स्कूटर चालवायला नेलं. खरं कारण वेगळंच होतं, मला मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायला नेलं होतं. जनीबायचं जुनं घर पाडायचं ठरलं होतं, तिथे बिल्डिंग व्हायची होती. तिच्या मुलाने तोवर वन-आरके भाड्याने घेतलं होतं आणि जनीबाय तिथे हॉलमध्ये झोपत होती. तात्यांनी रिकाम्या घरात शिरून टाळी वाजवली. मग भिंती मोजल्या, फळीची उंची मोजली, खुंटी जमिनीपासून किती, चुलीपासून दार किती, सगळं वहीत. मी विचारलं, कशाला? म्हणाले, आवाजाचं माप हाय. मला काय, मी पासवर्डवाला. टेप धरली.

जनीबाय जुन्या घराच्या ओट्यावर बसून होती. लहानखुरी बाई, डाव्या हाताने सगळं करणारी. गायचं विचारल्यावर ती म्हणाली, "माजा गला आता कोन आयकतं?" तात्या म्हणाले, मशीन आणलंय. ती हसली नुसती. पण जेवायला ये म्हटल्यावर पुढच्या रविवारी आली.

त्या रविवारी भाडोत्री प्लगइन पहिल्यांदाच न रुसता उघडला होता. तात्यांचा चेहरा नातीचं लग्न ठरलं तेव्हाही एवढा फुलला नव्हता. माइक लावला, पंखा चालूच ठेवला, कारण मांडवात पंखे असणारच. या प्लगइनला आधी शिकवावं लागतं. दहा सेकंद नुसती घरघर ऐकवायची, म्हणजे काय काढून टाकायचं ते त्याला कळतं. तात्यांनी बटण दाबलं. दहा सेकंद झाले. मग म्हणाले, बाय, म्हण.

जनीबायने एक कडवं म्हटलं. आणि स्पीकरमधून काहीच आलं नाही. पंखा गेला होता, ते बरोबर. पण बायही गेली होती. तिचे ओठ हलत होते आणि चारही स्पीकर गप्प. मधेच एखादा शब्द गळून पडल्यासारखा यायचा, तेवढाच.

ती थांबली. स्पीकरकडे बघितलं, मग तात्यांकडे. "बग," ती म्हणाली, "मशीनला पन समजला, गला गेला." आणि पदराने तोंड पुसून भांडी आवरायला निघून गेली. मी साताऱ्याचा माणूस, सहसा असं काही बोलत नाही, पण त्या क्षणी मला तो कॉम्प्युटर गॅलरीतून खाली टाकावासा वाटला.

तात्या दोन दिवस खाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला आमची बेल वाजली. तात्या दारात, हातात वही. त्यांनी त्या दिवशीचं रेकॉर्डिंग शंभरदा ऐकलं होतं. ते दहा सेकंद, ज्यात मशीनने नुसता पंखा ऐकायचा होता, त्यात पंख्याच्या खाली अगदी हळू काहीतरी होतं. जनीबाय सूर लावत होती. धवलारीण गाणं सुरू करण्याआधी ओठ मिटून सूर धरते, जन्मभराची सवय. तिला स्वतःलाही पत्ता नसतो. तात्यांनी मशीनला शिकवलं होतं, की हे सगळं घरघर आहे, काढून टाक. मशीनने बिचाऱ्याने सांगितलं तसं केलं. धवलाही एकाच सुराला धरून चालतो, त्यामुळे बाय गायला लागली की तो तिला नेमका पकडायचा.

तीस वर्षं मीटर तपासलेल्या माणसाने लावलेलं मीटर चुकलं होतं. मी म्हटलं, आता बरोबर शिकवा, झालं. तात्या म्हणाले, ते झालं, पण बायला सांगायला हवं. आम्ही परत नावड्याला. बाळाराम भोईरांनी कधी चूक कबूल केलेली मी पाहिली नव्हती. भाडेकराराच्या कागदावर आमच्या गावाचं नाव चुकलंय, ते चार वर्षं तसंच आहे. तो माणूस बहिणीसमोर खाली बसला आणि म्हणाला, "बाय, तुजा गला बरोबर हाय. मशीनला मीच चुकीचा शिकवला."

 जनीबाय म्हणाली, एक कडवं म्हणीन. एकच.

हळदीच्या दिवशी दुपारी चारलाच तात्यांनी मांडवात प्लॅस्टिकच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला, वर चादर टाकली आणि बाजूला स्वतः खुर्ची टाकून बसले. डीजेवाला राकेश त्यांचा पुतण्याच. त्याच्या स्पीकरांची भिंत आमच्या बिल्डिंगपेक्षा थोडीच लहान होती. त्याने एक वायर तात्यांना दिली आणि माझ्या कानात विचारलं, साहेब, हे चालेल ना? मी म्हटलं, चालेल.  वेळ आलीच तर बंद करून चालू करू.

जनीबाय हिरव्या लुगड्यात येऊन बसली. माइक तोंडाशी नेला आणि लाइट गेली.

दोन मिनिटांत जनरेटर लागला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, भाडोत्री उघडला, रुसला नाही. पण तात्यांनी मान तिरकी केली आणि त्यांचा चेहरा पडला. जनरेटरची घरघर वेगळी होती. मशीनला ती ठाऊक नव्हती. पुन्हा शिकवायला हवं होतं. म्हणजे दहा सेकंद मांडवात जनरेटर सोडून कुणाचाही आवाज नको. आमच्या तळवलीत हळदीला दहा सेकंद शांतता, ही गोष्ट आजवर कुणी मागितलेली नाही. तीन-साडेतीनशे माणूस, पोरंटोरं, मटणाच्या पातेल्याभोवती निम्मा गाव.

तात्या उभे राहिले, राकेशचा माइक घेतला आणि म्हणाले, "मी या गावात आजपावेतो काय मांगला नाय. दा सेकंद द्या. कोनी बोलू नका."

काय झालं ठाऊक नाही. त्यांच्या आवाजातच काहीतरी असावं. बायका गप्प झाल्या, मग पुरुष, मग वाढपीही पळी हवेत धरून थांबला. नवरीने हळदीचे हात वर धरले. तात्यांचं बोट बटणावर गेलं, आणि तेवढ्यात ते वळले आणि बहिणीला हळूच म्हणाले, "बाय, तू पन."

जनीबाय सूर धरत होती. ती दचकली आणि लहान पोरीसारखी तोंडावर हात ठेवून बसली. दहा सेकंद. नुसता जनरेटर.

मग ती गायली. कसं सांगू. जनरेटरची घरघर गेली, पंख्यांची गेली, आणि त्या राक्षसी भिंतीतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. मोठा केलेला नाही, गोड केलेला नाही. तिचाच, थोडा कापरा, श्वासासकट. मागच्या रांगेतली, मटणापाशी उभी असलेली माणसंही तिकडे वळली. तिने एकेका देवाला बोलावलं. गावाच्या वेशीला बोलावलं. मग घराण्यातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन बोलावलं, त्यात तात्यांच्या बायकोचं नाव आलं, तेव्हा तात्यांनी स्क्रीनवरची धूळ पुसायला घेतली. स्क्रीनवर धूळ नव्हती. एका कडव्याचं दुसरं झालं, दुसऱ्याचं दहावं. चार म्हाताऱ्या उठून तिच्या मागे येऊन बसल्या आणि उचलून धरायला लागल्या. एक तास चाललं. राकेशने स्वतःहून सगळी बटणं खाली केली होती. शेवटी तो येऊन जनीबायच्या पाया पडला आणि विचारलं, की त्याच्या बहिणीचं लग्न दिवाळीनंतर आहे, तारीख मिळेल का. जनीबाय म्हणाली, बगून सांगते. तिचा रुबाब बघायला हवा होता. मी एवढा जिंकल्यासारखा आमच्या कंपनीतून कधी घरी गेलो नाही, आणि मी तर नुसती टेप धरली होती.

लग्नानंतर दोन दिवसांनी सकाळी जनीबाय पिशवी भरून निघाली. बाईमाणसाने भावाच्या घरी पाहुणी म्हणून दोन दिवस राहावं, तिसऱ्या दिवशी ओझं होतं, असं तिचं म्हणणं. तात्यांनी राहा म्हटलं नाही. मला हाक मारली, जरा स्कूटर काढा म्हणाले. मी बाहेर आलो तर ते स्कूटरपाशी नव्हतेच. तळमजल्याच्या त्या खोलीपाशी उभे होते, कुलूप काढत.

"बाय," ते म्हणाले, "जायच्या आदी जरा पानी पिऊन जा."

पिशवी दाराबाहेरच ठेवून ती आत गेली. मी दारात. आत खिडकी अजून उघडलेली नव्हती, अंधारच होता. जनीबायने न बघता डावा हात बाजूला नेला. तिथे हंडा होता, वर तांब्या. ती पाणी प्यायली. मग तिचा हात थांबला. तिने हळूच तो वर नेला. फळी. फळीवर काडेपेटी. तिच्या पुढे खुंटी. मी ती उंची ओळखली, माझ्याच हातात टेपचं टोक होतं. समोर तो वीतभर उंचीचा ओटा, बसून भाकरी थापणाऱ्या बाईसाठी. दार गल्लीत उघडणारं, कुणाच्या घरातून जायला नको, कुणाची पाहुणी व्हायला नको.

ती खाली बसली, ओट्यापुढे. दोन्ही हात त्यावर ठेवले.  मला माझ्या चुलतभावाची आठवण झाली आणि मी मनातल्या मनात त्याला सांगितलं, बाबा, खांदेश्वरच बरं आहे.

"मिठाची बरनी," ती शेवटी म्हणाली.  "चार बोटा अलीकडं व्हती."

स्पीकरच्या आवाजात केसभर फरकासाठी दोन वह्या भरणारे, कुणाला एका बटणाला हात लावू न देणारे तात्या पुढे झाले आणि बरणी चार बोटं अलीकडे सरकवली.

"आता?" त्यांनी विचारलं.

जनीबायने डावा हात नेला. बरणी हाताशी लागली. तिने मान हलवली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, की ती पिशवी जरा आत घे.